वास न येणाऱ्या संडासाचा ताबा परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. विशेष अधिकारीसाहेब,
टंचाई कामे (जागा व साहित्य),
जिल्हा सोलापूर.

अर्जदार: चनमल्लप्पा भीमाशंकर तोळणुरे, वय ५८, निवृत्त फिटर, राहणार बोरेवस्ती, होटगी स्टेशनपासून दक्षिणेस पाऊण मैल.

विषय: आपले टंचाई कार्यालय क्र. ७ हा मूळचा माझ्या घरचा संडास असून तो पत्नीच्या वापरासाठी परत मिळणेबाबत.

संदर्भ: (१) माझा अर्ज, दि. ७ फेब्रुवारी १९७३. (२) आपले मंजुरीपत्र, दि. १५ फेब्रुवारी १९७३. (३) आपल्या तपासनीसांचा अहवाल, दि. ११ एप्रिल १९७३. (४) माझे स्मरणअर्ज दोन. हे दोन्ही सध्या संडासात आहेत. खुलासा परिच्छेद १० मध्ये केला आहे.

महोदय,

१. मी खाली सही करणार सोलापूरच्या एका कापड गिरणीत एकतीस वर्षे फिटर होतो व १९७० साली निवृत्त झालो. माझी मातृभाषा कानडी असून शिक्षण मराठी सातवीपर्यंत झाले आहे. तेव्हा अर्जाच्या भाषेत काही कमी-जास्त झाल्यास ते शिक्षणामुळे झाले असे समजावे, उद्धटपणामुळे समजू नये. उद्धटपणा करायची वेळ आलीच तर तो मी स्वतंत्र परिच्छेदात करीन.

२. घरात मी व पत्नी सौ. मल्लव्वा, वय ५३, अशी दोनच माणसे आहेत. तिचे दोन्ही गुडघे धरलेले असून तिला मूतखड्याचा त्रास आहे. स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी तिला रोज सहा तांबे पाणी पिण्यास सांगितले आहे (चिठ्ठी सोबत). टंचाईत सहा तांबे पाणी कुठून आणता, असे साहेबांच्या मनात येईल. त्याची चिंता नसावी. टँकर आठवड्यातून दोनदा येतो व तिच्या वाटणीचे पाणी मी बाजूला काढून झाकून ठेवतो. अडचण पाणी मिळण्याची नाही. प्यालेले पाणी पुढे कुठे न्यायचे, ही अडचण आहे.

३. आमच्याकडे बायकांचा आडोसा म्हणजे उभे पीक. गेल्या साली खरिपाची तूर गेली, रब्बीची ज्वारी उगवलीच नाही, आणि बांधावरच्या बोरी-बाभळी शेळ्यांनी बुडख्यापर्यंत खाल्ल्या. वस्तीच्या दारात उभे राहिले की स्टेशनावरची घंटा वाजवणारा माणूस दिसतो, आणि त्याला आम्ही दिसतो. ज्वारी न आल्याने किती पोती धान्य बुडाले याची नोंद सरकारने घेतली आहे. किती बायकांचा आडोसा बुडाला याचा रकाना कोणत्याही फॉर्मात नाही, मी शोधला. आता रेल्वेचा भराव हा एकच आडोसा उरला असून तो घरापासून पाऊण मैल आहे. त्यामुळे मल्लव्वाने हळूहळू पाणी पिणेच सोडून दिले. पाणी प्यायचे नाही, म्हणजे जावे लागायचे नाही, असा तिचा हिशेब. त्या हिशेबाने खडा वाढला.

४. पाण्याचा संडास बांधावा तर दर खेपेस बादलीभर पाणी ओतावे लागते, आणि तेवढ्यात आमच्याकडे दोन माणसांचा दिवस निघतो. परंतु गिरणीत एकतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो. सूत व कचरा एकत्र झाला की यंत्र अडते, वेगळे काढले की दोन्ही कामाला येतात. संडासालाही वास येतो तो ओले व सुके एकत्र झाल्याने. सबब मी १९७२ च्या नोव्हेंबरात खालीलप्रमाणे योजना केली. तीन फूट उंच जोत्यात शेजारी शेजारी दोन खण. वर फरशी. दोन पावलांच्या मध्ये, पुढच्या बाजूला सिमेंटची उतरती वाटी, तिच्यातून नळी निघून बाहेरच्या रांजणात जाते. मागच्या बाजूला गोल भोक, त्यावर लाकडी झाकण. वाटी व भोक यांच्यामध्ये तीन बोटे उंचीचा वरंबा, तो ओले पुढे व सुके मागे ठेवतो. धुण्याचे पाणी तिसऱ्या पन्हळीने बाजूच्या शेवग्याच्या आळ्यात. काम झाले की ओंजळभर चुलीची राख भोकात टाकून झाकण लावायचे. एक खण भरला की लिंपून सहा महिने बंद ठेवायचा व दुसरा वापरायचा. सहा महिन्यांनी निघते ते खत, हातात धरले तरी काही वाटत नाही. मल्लव्वाच्या गुडघ्यांसाठी पायऱ्या बुटक्या केल्या व उठताना धरायला भिंतीत लोखंडी दांडी बसवली.

५. वरंबा नेमका कुठे असावा, ही सगळी मेख होती. चाचणीसाठी मी पुढून तांब्याने पाणी व मागून ज्वारीच्या पिठाचे गोळे सोडून पाहिले. दुष्काळात पीठ भोकात जाताना पाहून शेजारीण शिवबाई हिने वस्तीभर सांगितले की चनमल्लप्पाच्या डोक्यावर परिणाम झाला. पुढे मी मातीचे गोळे वापरले. एकूण चाळीस चाचण्या झाल्या, त्या वहीत नोंदल्या असून सर्व यशस्वी आहेत. नंतर मल्लव्वा आत गेली व लगेच बाहेर येऊन म्हणाली, “हे तुमच्या मापानं बांधलंय. बाईमाणूस असं बसत न्हाय.” पुढे तिने चूक एका वाक्यात समजावून सांगितली. ते वाक्य सरकारी अर्जात लिहिण्यासारखे नाही, परंतु त्यामुळे वरंबा अडीच इंच सरकला. माप घेतल्याशिवाय खिळाही न ठोकणारा मी, ज्या माणसासाठी यंत्र केले त्याचेच माप घ्यायला विसरलो होतो. याची मला आजही लाज वाटते.

६. दि. २६ जानेवारी रोजी झेंडावंदन करून आल्यावर संडास वापरात आला. मल्लव्वा आत जाऊन आली, दारात उभी राहिली आणि एक तांब्या पाणी एका दमात प्यायली. मग दुसरा. म्हणाली, “लई दिसांनी तहान लागंल तेवढं प्याले.” साहेब, आमच्या लग्नाला सदतीस वर्षे झाली. मी घरात काहीही आणले की ती आधी विचारते, कशाला आणलं. त्या दिवशी तिने काहीच विचारले नाही. पुढे चोवीस दिवस ती रोज सहा तांबे पाणी पीत होती. पोटातली कळ थांबली, जळजळ थांबली. ते चोवीस दिवस आमच्या घरात सण असल्यासारखे गेले, असे लिहिले तर ते खोटे होणार नाही.

७. इथून माझी चूक सुरू होते. आमच्या शिवारात आपल्या खडीकामावर एकशे चाळीस बायका दिवसभर खडी फोडतात. त्यांनाही कसला आडोसा नाही. असले संडास कामावर बांधावेत म्हणून मी संदर्भ (१) चा अर्ज नकाशासह आपणास पाठवला. त्यातील परिच्छेद ४ शब्दशः असा होता: “सदर जागा बाराही महिने कोरडी राहते. ओल, वास, माशी, उंदीर व वाळवी यांचा उपद्रव नाही. वर स्लॅब आहे. वारा खेळता असल्याने माणूस कितीही वेळ बसला तरी त्रास होत नाही. दाराला आतून व बाहेरून कडी आहे.” फिटर स्वतःच्या यंत्राबद्दल लिहायला बसला की कुठे थांबावे हे त्याला कळत नाही.

८. आपले उत्तर आठव्या दिवशी आले. सरकारी उत्तर आठव्या दिवशी आल्याचे वस्तीवर कुणाला आठवत नाही. पहिल्याच ओळीत ‘अर्ज मंजूर’ असे होते. मी वस्तीवर व खडीच्या बायकांत गूळ वाटला. दुसरा परिच्छेद मी गूळ वाटून झाल्यावर वाचला. त्यात लिहिले होते: “आपल्या परिच्छेद ४ मधील वर्णन हजेरीपत्रके ठेवण्यासाठी लागणाऱ्या जागेशी तंतोतंत जुळते. अशी जागा स्वेच्छेने देऊ केल्याबद्दल कार्यालय आभारी आहे. ताबा दि. १९ रोजी घेण्यात येईल.” यावर शिवबाईचे म्हणणे, “गूळ आदी वाटला आन् कागद मागनं वाचला.” ती हे अजूनही येता-जाता म्हणते.

९. दि. १९ फेब्रुवारी रोजी बैलगाडीतून एक कपाट, तीन पेट्या, शिक्का व हजेरी कारकून श्री. रामहरी ढोपे असे सर्व साहित्य आले. श्री. ढोपे हे नातेपुत्याकडचे असून माणूस सरळ आहे. माझी त्यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. हा संडास आहे असे मी त्यांना पायरीवरच सांगितले. त्यांनी आत जाऊन छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, “अण्णा, चेष्टा करू नका. असं झ्याक हापिस मला हयातीत मिळालं नव्हतं.” सध्याची स्थिती अशी आहे. दोन पावलांवर आडवी फळी टाकून श्री. ढोपे तिच्यावर बसतात. पुढच्या वाटीत शाईची दौत व शिक्का माप घेऊन केल्यासारखे बसतात. सांडलेली शाई उतारामुळे आपोआप रांजणात जाते, वाटी कधी तुंबत नाही. शेवग्याला मी रांजणातलेच घालतो, त्यामुळे आळ्याची माती जांभळी झाली आहे. दुसऱ्या खणात मार्चअखेरपर्यंत फावडी व घमेली ठेवली होती. मल्लव्वाच्या दांडीला जेवणाचा डबा टांगलेला असतो. बाहेर ‘टंचाई कार्यालय क्र. ७’ अशी पाटी आहे. आणि श्री. ढोपे स्वतः, दिवसभर संडासात बसून, विधीसाठी भरावाकडे जातात. जाताना कार्यालयाची छत्री नेतात व ती पुढे उघडून धरतात. छत्री साठा रजिस्टरला एकच असल्याने ती इतरांना देता येत नाही.

१०. मी दि. ५ मार्च रोजी पहिला स्मरणअर्ज श्री. ढोपे यांच्या हाती दिला. त्यांनी तो आवकेला नोंदवला, मूळ अर्ज आधीच मंजूर असल्याने त्यावर ‘निकाली’ असा शेरा मारला, उठून फळी सरकवली, झाकण काढले, अर्ज भोकात सोडला, वर ओंजळभर राख टाकली व झाकण लावले. राख कशाला, असे मी विचारले. ते म्हणाले, “वाळवी लागत न्हाय. तुमीच लिवलंय की.” दि. १२ मार्चच्या दुसऱ्या अर्जाचेही तसेच झाले. निकाली निघालेले सर्व कागद ते याच रीतीने ठेवतात. या यंत्राचा इतका काटेकोर वापर आम्ही घरच्यांनीही कधी केला नव्हता, हे मला मान्य करावे लागते. दि. ३१ मार्च रोजी वर्षअखेर म्हणून त्यांनी तो पहिला खण लिंपून बंद केला. अर्ज परत मिळावेत म्हणून गेलो तेव्हा त्यांनी भिंतीवर चिकटवलेला कागद दाखवला. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिले आहे की बंद खण सहा महिने कोणीही उघडू नये. त्याखाली दोन रेघा आहेत, त्याही मीच ओढल्या होत्या. आता फावडी बाहेर काढून दुसरा खण कागदांसाठी चालू केला आहे. म्हणून हा अर्ज मी श्री. ढोपे यांना न देता सोलापुरास येऊन समक्ष देत आहे.

११. मध्यंतरी आपले तपासनीस जागा पाहण्यास आले. हा संडासच आहे असे मी सांगितल्यावर त्यांनी पुरावा मागितला. वीस मिनिटे आत थांबून त्यांनी चारही कोपरे हुंगले, दुसऱ्या खणाचे झाकण काढून भोकाशी वाकले, लिंपलेल्या पहिल्या खणालाही नाक लावले, बाहेर येऊन रांजणही हुंगला. त्यांचा अहवाल असा: “(क) जागेत कोणतीही दुर्गंधी आढळली नाही. (ख) पाण्याची टाकी वा नळ आढळला नाही. (ग) उपस्थित कर्मचारी विधीसाठी अन्यत्र जातात असे त्यांनी स्वतः सांगितले. सबब सदर जागा संडास असल्याचे सिद्ध होत नाही.” मी हात जोडून म्हणालो की पहिला खण उघडा, त्याच्या तळाशी आमच्या कुटुंबाचे चोवीस दिवस आहेत, त्याहून मोठा पुरावा कोणता? तपासनीस म्हणाले की त्यावर सरकारी कागद आहेत, खण सप्टेंबरअखेरपर्यंत उघडता येत नाही, आणि नकाशाखालील टिपेप्रमाणे तोवर खालच्या पुराव्याचे खत झालेले असेल, त्यालाही वास नसेल. माझी टीप त्यांनी नीट वाचली होती.

१२. आता जे लिहितो ते अर्जात लिहायचे नसते, तरी लिहितो. तो अहवाल वाचून मला आनंद झाला. चोवीस दिवसांचा वापर खाली असताना शिकलेला सरकारी माणूस खणाला नाक लावतो व काही आढळले नाही असे सही-शिक्क्यानिशी लिहून देतो, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणत्या फिटरला मिळाले असेल? मी तो मल्लव्वाला दोनदा वाचून दाखवला. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “वास आला आसता तर बरं झालं आसतं की.” एवढे बोलून ती भिंतीकडे तोंड करून निजली. शिवबाईने मला उपाय सांगितला की वरंब्याचा एक तुकडा फोडा, ओले-सुके एक होऊ द्या, आठ दिवसांत हापिस पळून जाईल. मी छिन्नी-हातोडा घेऊन गेलो होतो, हे आपणास कबूल करतो. श्री. ढोपे जेवायला डबा काढत होते. मी वरंब्यावर हात फिरवला आणि परत आलो. एकतीस वर्षांत मी एकही यंत्र जाणून बिघडवले नाही, आणि हे तर तिच्या मापाचे होते. परंतु त्या दिवसापासून मी तिच्याकडे सरळ बघू शकत नाही. साहेब, माझे यंत्र चांगले ठरले आणि त्याची शिक्षा तिला झाली.

१३. दुसरा बांधा, असे कोणी सुचवील. सिमेंटचा परवाना टंचाईमुळे बंद आहे. शिवाय आपल्या तपासनीसांनी जाताना सांगितले की तशीच दुसरी जागा तयार झाल्यास कार्यालय क्र. ८ साठी जरूर कळवावे. मी अंगणात कडब्याच्या पेंढ्यांचा आडोसा केला, तो गुरांनी एका सकाळी खाल्ला. भुकेल्या गुरांना मी काय बोलणार? जुन्या लुगड्याचा पडदा लावला, तो कार्यालयासमोर अडथळा होतो म्हणून काढायला लावला.

१४. मल्लव्वा आता शिवबाईच्या खांद्याला धरून भरावाकडे जाते. अंधारात रुळाकडेची खडी दिसत नाही म्हणून तिला उजेडीच जावे लागते. दि. २ मे रोजी ती भरावावर पडली. उजवा तळहात सोलला, गुडघा फुटला. तेव्हापासून दिवसाला एकच तांब्या पाणी पिते, अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी. मी आग्रह केला तर तांब्या तोंडाला लावून तसाच खाली ठेवते, मला फसवायला. गेल्या सोमवारपासून लघवीतून रक्त जाते. डॉक्टर म्हणाले, औषधाचे नंतर बघू, आधी पाणी पाजा.

१५. परिच्छेद १ मध्ये म्हटलेला स्वतंत्र परिच्छेद हाच. दुपारी रायचूरकडून एक मालगाडी येते. तिच्या ड्रायव्हरला भरावावरच्या बायका माहीत झाल्या आहेत. तो लांबूनच एक लहान शिटी देतो, म्हणजे बायकांना उठून सावरायला वेळ मिळतो, आणि गाडी जाईपर्यंत तोंड दुसऱ्या बाजूला करून उभा राहतो. त्याला कोणी अर्ज केला नव्हता. त्याचे नाव मला माहीत नाही. या सबंध प्रकरणात माझ्या बायकोसाठी आपण होऊन काही करणारा सरकारी नोकर तो एकटा निघाला. परिच्छेद संपला.

१६. सबब विनंती की,
(अ) कार्यालय क्र. ७ दुसरीकडे हलवून संडास आम्हास परत द्यावा. कपाट व पेट्या हलवण्यास मी स्वतः खांदा देईन.
(आ) ते शक्य नसल्यास मधल्या सुट्टीत, एक ते दीड, माझ्या पत्नीस आत जाण्याची परवानगी द्यावी. श्री. ढोपे यांनी किल्ली देण्याची तयारी दाखवली आहे. त्यांचे शब्द: “अण्णा, मावशीकडं बघून मला डबा गिळवत न्हाय. पर शिक्का आत हाय, वरनं कागद आना.” आपण फक्त तो कागद द्यावा. दौत व शिक्का ती स्वतः उचलून बाजूला ठेवील व परत जागच्या जागी ठेवील.
(इ) बाहेरच्या माणसास प्रवेश नसल्यास तिला कार्यालयात पाणी भरण्यास बिनपगारी नेमावे, म्हणजे ती बाहेरची राहणार नाही. मात्र कर्मचाऱ्यांनी विधीसाठी भरावाकडे जावे हा आपला प्रघात तिला लागू करू नये.
(ई) खडीकामावरील एकशे चाळीस बायकांच्या संडासाचा नकाशा पुन्हा जोडला आहे. या खेपेस जागेचे वर्णन मुद्दाम लिहिलेले नाही.

१७. इथवरचा अर्ज मी मल्लव्वाला वाचून दाखवला. अंगठा देण्याआधी ती म्हणाली, “एवडं लांबड कशाला लावता? सायबाला एकच इचारा. मी पानी कवा पिऊ?” मला ते पटले. तरी वरील चारांपैकी काहीच मंजूर होण्याजोगे नसल्यास, माझ्या पत्नीने रोज किती वाजता पाणी प्यावे, एवढे तरी मेहेरबान साहेबांनी लेखी कळवावे. आपण जी वेळ द्याल ती ती पाळील.

आपल्या कार्यालयाच्या भिंतीला भिंत लावून राहणारा, नम्र अर्जदार,

(सही) च. भी. तोळणुरे
निवृत्त फिटर, बोरेवस्ती

सौ. मल्लव्वा चनमल्लप्पा तोळणुरे यांच्या डाव्या हाताचा अंगठा. (उजव्याची जखम अजून ओली आहे.)

दिनांक: १४ मे १९७३

सोबत:
१) संडासाचा नकाशा, दोन प्रती. एकीत पत्नीचे माप लाल शाईने दाखवले आहे. बांधताना तेच घ्यावे.
२) तपासनीसांच्या अहवालाची नक्कल. मूळ प्रत मजजवळ आहे, ती मागू नये.
३) डॉक्टरांची चिठ्ठी. ‘रोज सहा तांबे’ या शब्दांखालची रेघ डॉक्टरांची आहे.
४) पितळी तांब्या, नग एक, रिकामा. पोहोच द्यावी. आपला हुकूम येईपर्यंत तो आपल्या टेबलावर राहू द्यावा. घरात समोर असला की तिला तहान लागते.